लागतंय की वो, बाई!

जूनमध्ये पहिलीचे दाखले करताना पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "बाई, याला चांगलं-वाईट काय बी कळत न्हाई. आता तुमीच वळण लावा." सहा वर्षांचं मूल शेजारीच उभं असतं आणि आपल्याबद्दल काय चाललंय ते नीट ऐकत असतं. मी पालकांचं ऐकून घेते, नाव लिहून घेते. पण हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही.

मी जत तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पाऊस कमी, टँकरची सवय, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. दिवाळी आली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुलांना बरं-वाईट कसं कळायला लागतं हा प्रश्न मला इथंच पडला. त्याबद्दल जमेल तसं वाचत गेले, पण मला खरी उत्तरं वर्गात आणि शाळेमागच्या मोकळ्या रानात मिळाली.

कायदा एका अर्थानं पालकांच्या बाजूनं आहे. सात वर्षांखालच्या मुलानं केलेली कोणतीही गोष्ट आपल्याकडे गुन्हा ठरत नाही. १८६० च्या दंड संहितेत हे कलम ८२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २० आहे. सात ते बारा या वयातलं मूलही, आपण काय करतोय हे समजण्याइतकी समज त्याला आलेली नसेल तर, सुटतं. शिक्षेसाठी अशी रेघ हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शिक्षेला पात्र ठरण्याइतकी समज वेगळी आणि समोरच्यावर अन्याय झाला हे ओळखण्याची समज वेगळी. ही दुसरी समज पहिलीच्या दारात येण्याआधीच मुलांजवळ असते.

एलियट ट्युरिएल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मुलांना विचारायचा एक साधा प्रश्न शोधून काढला. एखादी गोष्ट करायला मोठ्यांनीच परवानगी दिली तर ती चालेल का? त्याच वाटेनं जाऊन ज्युडिथ स्मेटाना यांनी १९८१ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळणी जागेवर न ठेवणं आणि दुसऱ्याला मारणं यांतला फरक तीन-चार वर्षांची मुलंही करतात, असं त्यात दिसलं. पहिली गोष्ट नियम नसेल तर चालते, दुसरी नियम नसला तरी चालत नाही.

हा प्रश्न मी पहिलीच्या मुलांना दरवर्षी विचारते. चपला वर्गाबाहेर काढायच्या असा आपला नियम आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत गुरुजी म्हणाले, चपला घालून बसा, तर? "मग घालायच्या की." बाई वर्गात आल्या आणि कुणी उभं राहिलं नाही, आणि बाईंनीच सांगितलं होतं उठू नका, तर? "मग कशाला उठायचं?" आणि एखाद्या शाळेत गुरुजींनी सांगितलं, शेजारच्याला मारलं तरी चालेल, तर? यावर सगळा वर्ग एकदम ओरडतो. नाही! का नाही, गुरुजींनीच तर सांगितलंय? एकदा पुढच्या रांगेतला एक मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मला एवढंही कळत नाही याचं त्याला वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "लागतंय की वो, बाई!"

गुरुजींच्या परवानगीनं मार लागायचा थांबत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला मार लागला होता आणि लागलेल्याचा चेहरा त्यानं पाहिला होता, तेवढं त्याला पुरलं.

पण याच प्रश्नाला आमच्या वर्गात एक वेगळं वळण लागतं. पुस्तकाला पाय लावला तर? "न्हाई!" गुरुजींनी सांगितलं तरी? "तरी बी न्हाई. सरस्वती असती." पुस्तकाला तर काही लागत नाही. तरीही मुलांच्या मनात ही गोष्ट चपलांच्या नियमाशेजारी बसत नाही, मारण्याशेजारी जाऊन बसते. चुकून पाय लागला तर मूल धडा अर्धा सोडून आधी पुस्तकाला हात लावून कपाळाला लावतं. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या मुलांची आणि मोठ्यांची मतं ताडून पाहिली होती. तो अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, ही गोष्ट भुवनेश्वरच्या ब्राह्मण घरांतल्या मुलांना अतिशय गंभीर वाटली. शिकागोच्या मुलांना त्यात काही वावगं दिसलं नाही. तेव्हा मुलं नुसत्या दुखण्या-खुपण्यावरून बरं-वाईट ठरवत नाहीत. घरात कशापुढे हात जोडले जातात आणि कशापासून अंग चोरलं जातं, हेही ती टिपत असतात. यातली अंग चोरण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी पुढे येते.

हे सगळं जन्मतःच असतं का, असं मला पालक विचारतात, विशेषतः मोबाईलवर काहीतरी पाहिलेले तरुण वडील. येल विद्यापीठात २००७ मध्ये सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना खेळ दाखवला होता. एक ठोकळा डोंगर चढतोय, दुसरा त्याला मदत करतोय, तिसरा खाली ढकलतोय. बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याला हात लावला आणि त्याची सगळीकडे बातमी झाली. अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तसा कल दिसला नाही. म्हणून मी त्यांना सांगते, बाळाच्या पोटातच सगळं शहाणपण असतं असंही समजू नका आणि काहीच नसतं असंही समजू नका.

जाँ पियाजे हा स्विस अभ्यासक मला सगळ्यांत जवळचा वाटतो. तो गोट्या घेऊन मुलांजवळ बसला आणि म्हणाला, मला तुमचा खेळ शिकवा. न्यूशातेल आणि जिनिव्हा इथल्या मुलांशी झालेल्या त्या गप्पांवरचं त्याचं पुस्तक १९३२ साली आलं. त्यात मुलांना सांगितलेल्या दोन गोष्टी आहेत. एका मुलानं दार उघडलं, मागे ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पंधरा कप फुटले. दुसऱ्यानं आईचा डोळा चुकवून मुरंबा काढताना एक कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणायची, पंधरा कप फोडणारा. मोठी मुलं म्हणायची, चोरून खाणारा.

आमच्याकडे घरोघरी स्टीलची भांडी, कप फुटण्याचं कुणाला काय? म्हणून मी गोष्ट बदलली. एक मुलगी आईला मदत म्हणून टँकरवरून भरलेली घागर आणताना ठेचकाळते आणि सगळी घागर सांडते. दुसरी, आई नको म्हणत असताना, भावाच्या अंगावर तांब्याभर पाणी मुद्दाम ओतते. जास्त कुणाचं चुकलं? पहिलीतले बरेच जण घागरीवर बोट ठेवतात. "अख्खी घागर गेली की!" त्यांचा आवाज ऐकला की मला कळतं, हे उत्तर घरातून आलंय. मे महिन्यात घागर सांडली तर पाठीत धपाटा बसतो, तेव्हा तू मदत करत होतीस का असं कुणी विचारत नाही. आयांचा राग फुटलेल्या कपांच्या संख्येवर ठरतो, आणि मुलं तेच मोजायला शिकतात, हे पियाजेच्याही लक्षात आलं होतं. मी इथल्या आयांना दोष देत नाही. दोन तास रांगेत उभं राहून मिळालेलं पाणी मातीत गेलं की माणसाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

पण दरवर्षी एखादी मुलगी उठतेच. "बाई, पण ती पाणीच आणत हुती की. खेळत न्हवती." आणि मग वर्ग हलतो. फळ्यावर दोन्ही मुलींची चित्रं काढून गोष्ट सांगितली, तर मनातला हेतू ओळखणारी मुलं कितीतरी वाढतात. चेहरा चिडका काढला, मदतीचा काढला, की पाच-सहा वर्षांच्या मुलालाही दिसतं कोण काय करत होतं. अमेरिकेत १९८० मध्ये अशाच चित्रांनी तीन वर्षांची मुलंसुद्धा हेतू लक्षात घेतात हे दाखवलं गेलं. पियाजेच्या गोष्टींत पंधरा आणि एक हे आकडे इतके ठळक आहेत की लहान मूल त्यांतच अडकून पडतं.

आता खेळाकडे येते, कारण माझं सगळ्यात जास्त शिक्षण तिथं झालं. मधल्या सुट्टीत लगोरी, विषामृत, शिवणापाणी असं काही ना काही चालू असतं. खेळायच्या आधी चकायचं. ज्याच्यावर राज्य येईल त्यानं कुरकुर करायची नाही. धाप लागली तर टॅम्प्लीज म्हणायचं, पण पकडला जाताना म्हटलेलं टॅम्प्लीज धरायचं नाही. जो हरल्यावर भांडतो त्याचा रडीचा डाव. आणि सगळ्यांत लहान भाऊ-बहीण हट्टानं खेळात घुसले की त्यांना कच्चा लिंबू करायचं. कच्चा लिंबू सगळ्यांसारखा पळतो, सगळ्यांसारखा ओरडतो, पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही.

कच्च्या लिंबूचा नियम कुठल्याच परिपाठात नाही. सर्वांना एकच नियम लावला तर सर्वांत लहानावर अन्याय होतो, आणि त्याला बाहेर बसवलं तरीही अन्यायच होतो, हे ओळखून मुलांनी काढलेली ही वाट आहे. न्याय आणि समानता यांवर मोठी माणसं किती भांडतात! आमच्या तिसरी-चौथीची मुलं हे रोज दहा मिनिटांत मिटवतात, तेही खेळाची सुट्टी वाया जाऊ न देता.

एका वर्षी साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. तिसरीतला एक मुलगा आला तो थेट लगोरीतच शिरला. तो नव्हता त्या महिन्यांत इथल्या मुलांनी नियम बदलले होते. चेंडू टप्पा पडून लागला तर आता बाद नाही. हा मात्र टप्प्यानं मारून "आउट, आउट" करत नाचला. भांडण पेटलं. मी व्हरांड्यात होते. मारामारी नव्हती, शब्दाशब्दीच होती, म्हणून मी उतरले नाही. कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवस हा कच्चा लिंबू. तो लालबुंद झाला. "मी काय बारकाय का?" बरोबर होतं त्याचं. सवलतीनं त्याचा अपमानच झाला असता. मग बरीच बाचाबाची झाली, "तू हुतास कुठं?" असं कुणी म्हणालं, "ऊस तोडाय गेलतो, हिंडाय न्हाई," असं त्यानं सुनावलं, आणि क्षणभर सगळे गप्प झाले. शेवटी चौथीतल्या एका मुलीनं तोडगा काढला. एक डाव जुन्या नियमानं, एक डाव नव्या नियमानं, आणि मग ज्याला जे आवडेल त्यावर हात वर करायचे.

मी खाली उतरले असते तर "भांडू नका, मिळून खेळा" असं म्हटलं असतं. त्यानं भांडण थांबलं असतं आणि प्रश्न तसाच राहिला असता. पियाजेचं म्हणणं हेच आहे. लहानपणी नियम म्हणजे मोठ्यांनी दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. बरोबरीच्या मुलांशी देवघेव करता करता कळतं की नियम आपणच ठरवतो, आणि आपण ठरवला म्हणूनच तो पाळायचा असतो. मोठ्यांच्या धाकानं मूल नियम पाळायला शिकेल, पण नियमामागचा न्याय ते बरोबरीच्यांशी भांडूनच शिकतं. ज्या मुलाचा सगळा दिवस शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांत जातो, त्याला असं भांडायला जागाच मिळत नाही. शहरातल्या माझ्या नातलगांच्या मुलांकडे बघून मला याची फार काळजी वाटते.

मुलांचा न्याय अर्धवट असतो, हेही सांगायलाच हवं. वाढदिवसाला चॉकलेट वाटताना एखाद्याला चुकून कमी आलं तर तो लगेच उभा राहतो. जास्त आलेलं मूल मात्र बहुधा हळूच मूठ मिटतं. सात देशांतल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. स्वतःला कमी मिळणारी वाटणी नाकारणारी मुलं सातही देशांत दिसली. स्वतःला जास्त मिळणारी वाटणी नाकारणारी मुलं फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडा या तीन देशांत दिसली, तीही वयानं मोठी. आपल्या वाट्याला आलेलं जास्तीचं परत ठेवणं हे आपोआप येत नाही, ते आजूबाजूला दिसावं लागतं. आपल्या मोठ्यांत ते किती दिसतं?

मग मोठ्यांनी मध्ये कधी पडायचं? कुणाला लागलं, कुणी एकटं पडलं, तर पडायचंच. पण "सॉरी म्हण" म्हणून नाही. चौथीतल्या एका मुलानं एका मुलीची चपल बाभळीवर फेकली होती. मी त्याला एवढंच म्हटलं, तिचं घर मळ्यात आहे, वाटेला काटे आहेत, ऊन बघ. तो तिच्या पायांकडे बघत राहिला. मग काठी घेऊन गेला आणि बरीच खटपट करून चपल काढून आणली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या दप्तरावर गाभुळलेल्या चिंचा ठेवल्या. मार्टिन हॉफमन आणि हर्बर्ट सॉल्टझस्टाइन यांनी १९६७ मध्ये दाखवलं होतं की, मार किंवा धाक देणाऱ्या घरांपेक्षा, तुझ्या वागण्यानं समोरच्याला काय झालं हे समजावणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये ही जाण जास्त रुजलेली दिसते. चपलेच्या त्या दिवसाआधी मी ते नुसतं वाचलं होतं.

आणि एक वेळ अशी आहे, जेव्हा मुलं भांडतच नाहीत आणि तरी मोठ्यांनी मध्ये पडलंच पाहिजे. पोषण आहाराच्या पंगतीत दुसरीतल्या एका मुलीनं आपली ताटली उचलली आणि सरकून बसली. शेजारचा मुलगा काहीच बोलला नाही. बाकीचेही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आजीनं सांगितलंय, त्याच्याजवळ बसून खायाचं न्हाई." तिला तो मुलगा आवडत होता. पंगतीआधी दोघं एकत्र शिवणापाणी खेळत होती. पुस्तकाला पाय लावायचा नाही आणि याच्याजवळ जेवायचं नाही, ह्या दोन्ही गोष्टी तिला एकाच घरातून, एकाच मायेच्या आवाजात मिळाल्या होत्या. अन्यायावर सगळ्यांचं एकमत झालं की भांडण होत नाही. म्हणून असला अन्याय ऐकूच येत नाही. इथं मुलांवर सोडून देणं म्हणजे त्या एकट्या मुलाला सोडून देणं. मी माझी ताटली घेऊन त्या दोघांच्या मध्ये बसले आणि खिचडी खाल्ली. तेव्हापासून पंगत रोज चिठ्ठ्या टाकून बसते. आजीकडेही गेले. "आमी कुठं काय म्हणतोय, पोरं आपलं काय बी बोलत्यात," एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा टाकला. मी पुन्हा जाणार आहे.

७ नोव्हेंबर हा आपल्याकडे २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचा साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश झाला. शाळेतल्या पाण्याबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बसायला स्वतःचं गोणपाट न्यायचं. नळाला हात लावायचा नाही. गुरुजींनी पाणी प्यायची परवानगी दिली तरी भागायचं नाही, नळ सोडायला शिपाईच हवा. शिपाई नसेल तर पाणी नाही.

आमची मुलं तहान ओळखतात. त्यामुळे हे सांगितल्यावर वर्गात गोष्ट ऐकल्यासारखी शांतता राहत नाही, प्रश्न सुटतात. "शिपाई सुट्टीवर असला तर?" "घरी जाऊस्तवर तसंच?" मग ती ताटली सरकवणारी मुलगी, तेव्हा तिसरीत गेली होती, तिनं विचारलं, "बाकीची पोरं काय करत हुती, बाई?" मी म्हटलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? दुसरीतला एक जण तडक उभा राहिला. "मी पळत जाऊन शिपायाला घिऊन आलो असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाजूनं चौथीतली एक मुलगी जवळजवळ चिडून बोलली, "शिपाई कशाला पायजे? नळ आपुनच सोडायचा की!" "गुरुजी मारतील," दुसरा म्हणाला. "मारूदेत." "घरी सांगतील." "सांगूदेत." घंटा झाली तरी दोन्ही बाजू भांडत होत्या, आणि खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण निघालं तेव्हा त्यांची बाचाबाची तशीच पंगतीत पोचली.